तुमच्यात रोजचं काय असतं?

इंदुरात आमच्या वरच्या मजल्यावर एक काकू राहतात, रामबागेतला जुना वाडा सोडून मुलाकडे फ्लॅटमध्ये आल्यात, संध्याकाळी त्यांचा हरिपाठ सुरू झाला की खिडकीतून थेट आमच्या किचनमध्ये ऐकू येतो. मागच्या महिन्यात लिफ्ट बंद होती म्हणून जिन्यात भेटल्या, अर्ध्यावर दम खायला थांबल्या आणि सहज म्हणाल्या, "तुमचं रविवारचं चर्च माहितीये गं मला, नाताळ माहितीये, गुड फ्रायडे माहितीये. पण तुमच्यात रोजचं काय असतं? म्हणजे आमचं कसं, सकाळी पूजा, तिन्हीसांजेला दिवा, मग हरिपाठ. तसं काही असतं का?" मी म्हटलं, "असतं ना काकू, बायबल वाचतो, प्रार्थना करतो." त्यांनी मान हलवली, भाजीची पिशवी या हातातून त्या हातात घेतली आणि वर गेल्या. उत्तरात खोटं काहीच नव्हतं, पण घरात आल्यावर चहा टाकताना, रात्री झोपताना, दुसऱ्या दिवशी ऑफिसला जाताना तो प्रश्न डोक्यात घोळत राहिला. कारण खरं उत्तर बरंच मोठं आहे आणि ते आजीपासून सुरू होतं.

आजी मूळची नगरकडची. लग्नाआधीच नर्स म्हणून इंदूरला मिशनच्या दवाखान्यात आली आणि इथलीच झाली. चर्चची उपासना हिंदीत, दवाखान्यात हिंदी, बाजारात हिंदी, पण घरातली प्रार्थना शेवटपर्यंत मराठीत. सकाळी शेगडीवर दूध ठेवायची, मंद आचेवर, आणि ते तापेपर्यंत पदर डोक्यावर घेऊन बायबल उघडायची. बायबल एका जुन्या खणाच्या कापडात गुंडाळलेलं असायचं, त्याच्या पहिल्या कोऱ्या पानावर घरातल्या सगळ्यांचे जन्म, बाप्तिस्मे, लग्नं आणि मृत्यू, वेगवेगळ्या शाईत, काही टाकानं आणि खालचे बॉलपेननं. वाचायची मोठ्याने. घरात कोणी नसलं तरी मोठ्याने. मग प्रार्थना, आणि त्या प्रार्थनेत आधी घरातले, मग नगरचे नातेवाईक क्रमाने, मग दवाखान्यातले पेशंट खाटेच्या नंबरसकट, मग पाळकसाहेब, मग देशाचे राज्यकर्ते, मग शेजारचे, ज्यांच्या मुलाची दहावी असेल तो, ज्यांच्या घरी भांडण चाललंय ते. आम्ही पोरं डोळे मिटून बसायचो आणि दूध उतू जायला आलं की नाकाला कळायचं, पण आजी आमेन म्हटल्याशिवाय उठायची नाही. आश्चर्य म्हणजे दूध फारसं उतू गेलेलं मला आठवत नाही. तिला बहुतेक प्रार्थनेची लांबी दुधावरून माहीत होती किंवा दुधाची प्रार्थनेवरून.

संध्याकाळी दिवेलागणीला आजूबाजूच्या घरांतून शुभंकरोती ऐकू यायची आणि आमच्या घरातून टिळकांचा अभंग. ना. वा. टिळकांनी १८९५ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि नंतर येशूवर अभंग लिहिले, ते नगरच्या लोकांच्या तोंडी बसले आणि आजीबरोबर इथे आले. तिच्याकडे पितळी झांजांची एक जोडी होती, एका झांजेला बारीक चीर गेलेली, त्यामुळे आवाज जरा बसका यायचा. शेजारच्या वाड्यातल्या बायकांना तो अभंगच वाटायचा, आणि अभंगच होता तो, चाल तीच, ठेका तोच. लहानपणी मला या सगळ्याचा कंटाळाही यायचा, खोटं कशाला सांगू. टीव्हीवर काहीतरी चांगलं चालू असायचं आणि नेमकी तेव्हाच झांज वाजायची. पण ताप आला की मात्र मला त्या झांजेचा आवाज हवा असायचा, हेही तितकंच खरं.

हे आजीने स्वतः काढलेलं नव्हतं आणि तिच्या आईनेही नाही. स्कॉटलंडच्या चर्चने १६४७ मध्ये घरच्या उपासनेसाठी रीतसर नियम केले होते, की प्रत्येक घरात रोज प्रार्थना व्हावी, शास्त्र वाचलं जावं, आणि हे फक्त पाळकाचं काम नाही. त्याच प्रेस्बिटेरियन परंपरेतले लोक कॅनडाला गेले, आणि कॅनडाच्या मिशनची माणसं १८७७ मध्ये इंदूरला आली. इंदूर ख्रिश्चन कॉलेज त्यांनीच १८८७ मध्ये सुरू केलं, त्याच्या समोरून माझी बस जायची. मग तिकडे १९२५ मध्ये युनायटेड चर्च झालं, इकडे १९७० मध्ये नागपूरला चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं, बोर्ड बदलले, पाळक बदलले, पण दूध तापेपर्यंतची ती उपासना तशीच राहिली. नगरकडचे अभंग, स्कॉटलंडची शिस्त आणि माळव्यातली सकाळ, हे तिन्ही आजीच्या शेगडीपाशी एकत्र आले होते आणि तिला त्याचं काही विशेष वाटत नव्हतं. मला वाटतं. मला आता फार वाटतं.

कॉलेजात असताना युथ फेलोशिपमध्ये वेगळंच वारं होतं. तिथे सगळे "क्वाएट टाइम" म्हणायचे, म्हणजे तू एकटी, तुझं बायबल, तुझी वही, आणि देव तुझ्याशी काय बोलतोय ते लिही. घोकलेली प्रार्थना नको, मनातून आली पाहिजे. येशूनेच सांगितलंय ना मत्तयच्या शुभवर्तमानात, सहाव्या अध्यायात, परराष्ट्रीयांसारखी निरर्थक बडबड करू नका म्हणून. त्यात खरेपणा होता, मी ते नाकारत नाही, त्या वह्या माझ्याकडे अजून आहेत आणि त्यातली काही पानं वाचताना आजही घसा दाटतो. पण "मनातून आलं तरच खरं" हा नियम दमलेल्या माणसावर अन्याय करतो असं माझं ठाम मत झालंय. नोकरी, लहान मूल, सासूबाईंचं दुखणं, यात मनातून कित्येक दिवस काहीच येत नाही. मग काय, देवाकडे जायचंच नाही? आणि गंमत अशी की त्याच सहाव्या अध्यायात, बडबड करू नका म्हटल्यावर लगेच दोन-तीन ओळींनी येशू शिष्यांना आयते शब्द देतो, हे आमच्या स्वर्गातील पित्या. तयार शब्द. पाठ करायला. त्यात "आमची रोजची भाकर" मागितलीये, माझी नाही, आमची. एकटीने म्हटलं तरी अनेकवचनीच म्हणावं लागतं.

मी परत आजीच्या पद्धतीवर आले ती स्तोत्रांमुळे. तिची तारखेची पद्धत होती. बायबलच्या स्तोत्रसंहितेत स्तोत्रं १५०, महिन्याचे दिवस ३०, म्हणजे रोज पाच. आजची जी तारीख ते स्तोत्र, मग त्यात तीस मिळवत जायचं. १४ तारखेला चौदावं, चव्वेचाळिसावं, चौऱ्याहत्तरावं, एकशे चारावं, एकशे चौतिसावं. खूण ठेवायला नको, काल चुकलं म्हणून मागचं भरून काढायला नको, कॅलेंडर बघायचं आणि आजच्या पानावर जायचं. ही गोष्ट मला फार मोठी वाटते. वर्षात बायबल वाचून काढायचे जे प्लॅन असतात, ज्यांचा एक जुना नमुना १८४२ सालचा, स्कॉटलंडमधल्या डंडीच्या मॅकशेन नावाच्या तरुण पाळकाचा, रोज चार अध्याय, त्यात एक आठवडा आजारपण आलं की अठ्ठावीस अध्याय डोक्यावर बसतात आणि लेवीय या नियमांच्या पुस्तकापाशी माणूस सोडून देतो. तारखेच्या पद्धतीत थकबाकी नाही. इंग्लंडच्या चर्चने १५४९ च्या प्रार्थनापुस्तकात सकाळ-संध्याकाळ मिळून महिन्याभरात सगळी स्तोत्रं बसवली होती, आणि त्याच्या हजार वर्षं आधी बेनेडिक्टच्या मठांत तर आठवड्यालाच सगळी दीडशे व्हायची. आपल्याला महिना पुरे.

पण या पद्धतीतली खरी गोष्ट अशी की स्तोत्र तुम्ही निवडत नाही. २८ तारखेचं बघा. आधी अठ्ठाविसावं, ठीक आहे. मग अठ्ठावन्नावं, त्यात दाविद राजा म्हणतो की देवा, त्यांच्या तोंडातले दात पाड. सकाळी साडेसहाला, पोरीच्या डब्याची भाजी गॅसवर असताना, मला कोणाचे दात पाडायचे नसतात. मग अठ्ठ्याऐंशीवं, सगळ्या स्तोत्रांतलं सगळ्यात काळं, ज्याला शेवटी एक आशेची ओळसुद्धा नाही, अंधारावरच संपतं. आणि पान उलटून एकशे अठरावं काढलं की पहिल्याच ओळीत परमेश्वराचं उपकारस्मरण करा, त्याची दया सनातन आहे. मधे काही समजावणं नाही, काही जोडकाम नाही. अठ्ठ्याऐंशीवाला माणूस आणि एकशे अठरावाला माणूस एकाच सकाळी माझ्या तोंडून बोलतात. आधी मला वाटायचं हे माझं नाही, मी का म्हणू. आता वाटतं, आज कुठेतरी कोणीतरी अठ्ठ्याऐंशीव्यात आहे, आणि त्याच्या तोंडून शब्द निघत नसतील तर माझ्या तोंडून निघू देत. आजी खाटेचा नंबर घेऊन प्रार्थना करायची ती हीच.

पप्पांना आयसीयूत ठेवलं होतं तेव्हा हे मला उलट्या बाजूने कळलं.

रात्रभर कॉरिडॉरमधल्या स्टीलच्या खुर्च्यांवर आम्ही बसलो होतो, एसीची थंडी, फिनाइलचा वास, दर थोड्या वेळाने आतून मॉनिटरची बीप मोठी व्हायची आणि सगळ्यांच्या माना एकदम तिकडे वळायच्या. बाहेर उजाडलं तेव्हा ३० तारीख होती. मला प्रार्थना सुचत नव्हती, अक्षरशः एक वाक्य येत नव्हतं, "प्रभू" म्हटलं की पुढे कोरं. मोबाइलवर तारखेचं काढलं. तिसावं, रात्री रडणं मुक्कामाला आलं तरी सकाळी हर्ष होतो. ते वाचून मला राग आला, खरंच राग आला, कारण सकाळ झाली होती आणि हर्ष कुठेच नव्हता. साठावं नुसतं डोळ्याखालून गेलं. नव्वदावं, मोशेचं, आमच्या आयुष्याची वर्षं सत्तर, शक्ती असली तर ऐंशी, आणि पप्पा तेव्हा ७२ वर्षांचे. मग एकशे विसावं, संकटात मी परमेश्वराला हाक मारली, ते छोटंसं, ते मात्र माझं होतं. आणि शेवटी दीडशेवं. कर्णे, सतार, डफ, झांजा, प्रत्येक श्वास घेणाऱ्याने परमेश्वराचं स्तवन करावं. आत पप्पांचा श्वास मशीन घेत होतं. मी ते स्तोत्र पुटपुटले, सगळं, झांजांसकट, आणि माझी श्रद्धा तेव्हा फार मजबूत होती असं अजिबात नाही, तारीख ३० होती म्हणून पुटपुटले. पण त्या पुटपुटण्याने मी उभी राहिले, आणि बाजूच्या खुर्चीवरची एक बाई, जिचा नवरा आत होता, डोक्यावर ओढणी घेऊन मला म्हणाली, "दीदी, थोड़ा ज़ोर से बोलो." मराठी तिला किती समजत होतं देव जाणे. मी मोठ्याने वाचलं.

पप्पा त्यातून घरी आले आणि नंतर काही वर्षं राहिले. पण मी हे त्यासाठी सांगत नाहीये. नसते आले तरी त्या दिवशीचं दीडशेवं तेच असतं.

आता माझा दिवस कसा आहे तर, सकाळचं वाचन कचरा गाडी यायच्या आत. इंदूरकरांना सांगायला नको, २०१७ पासून सलग कित्येक वर्षं स्वच्छतेत पहिला नंबर म्हणजे रोज सकाळी गल्लीत ते गाणं वाजणार म्हणजे वाजणारच आणि ओला-सुका वेगळा घेऊन खाली पळावं लागणार. मठात घंटा असते, मला ही गाडी आहे. गाणं लांबून ऐकू यायला लागलं की शेवटची प्रार्थना आणि डबा उचलायचा. दुपारी बाराला मोबाइलची बारीक रिंग, आणि जिथे असेन तिथे मनातल्या मनात प्रभूची प्रार्थना, एकदाच, अर्ध्या मिनिटाची. विजयनगरच्या ऑफिसात कोणाला कळतही नाही, स्क्रीनवर एक्सेल उघडी असते. हे दिवसातून ठरलेल्या वेळी थांबणं फार जुनं आहे. बायबलमधला दानीएल बाबेलमध्ये यरुशलेमेकडची खिडकी उघडून दिवसातून तीनदा गुडघे टेकायचा, येशूचा शिष्य पेत्र दुपारी बाराच्या सुमाराला गच्चीवर प्रार्थनेला गेला आणि तिथेच त्याला भूक लागली, तो आणि योहान तीन वाजताच्या प्रार्थनेला मंदिरात निघाले होते. अगदी सुरुवातीच्या मंडळ्यांच्या एका नियमावलीत तर स्पष्ट आहे, प्रभूची प्रार्थना दिवसातून तीन वेळा म्हणा. पेत्राची ती भूक मला फार आवडते. स्वयंपाक तयार होत होता, वास येत असेल, आणि नेमक्या त्या वेळेला देवाने त्याला एवढं मोठं दर्शन दिलं.

संध्याकाळचं अजून माझं नीट बसलेलं नाही. ट्रॅफिक, पलासियाचा सिग्नल, पोरीचा क्लास. कधी कधी नुसता एक अभंग गुणगुणते पोळ्या लाटताना, वरून काकूंचा हरिपाठ येत असतो, आणि खरं सांगते, मला त्यात काही अडचण वाटत नाही, उलट त्यांचा आवाज आला की माझा आपोआप सुरू होतो. सतराव्या शतकात पॅरिसच्या एका मठात ब्रदर लॉरेन्स नावाचा आचारी होता, त्याला प्रार्थनेची वेळ आणि भांड्यांची वेळ वेगळी वाटायची नाही म्हणतात. माझं तिथवर काही पोचलेलं नाही, भांडी घासताना मला भांडीच दिसतात, पण ओटा पुसून झाला की मी तिथेच उभी राहून दिवस मागे फिरवते, सोळाव्या शतकातल्या इग्नेशियस नावाच्या कॅथलिक संताने सांगितल्यासारखा, कुठे देव जवळ होता, कुठे मी कोणाला तोडून बोलले, कोणाचे आभार राहिले. आमच्याकडे प्रॉटेस्टंट घरांत हे नाव फार घेत नाहीत, मी माझ्या एका कॅथलिक मैत्रिणीकडून शिकले, रेड चर्चला जाते ती. चांगलं ते घ्यावं. फडकं पिळून वाळत टाकेपर्यंत होतं.

आणि उपास. लेंटमध्ये राखेच्या बुधवारपासून ईस्टरपर्यंत, रविवार सोडून ४० दिवस, मी रात्रीचं बाहेरचं खाणं बंद करते. इंदुरात सराफा, म्हणजे रात्रीची खाऊगल्ली, सोडणं म्हणजे काय ते इंदूरकरच जाणे. त्याचे पैसे बाजूला ठेवून ईस्टरच्या आधी कोणाला तरी देते, बास, यावर जास्त लिहावंसं वाटत नाही.

हे कर्मकांड होतंय का, ही भीती मला अजून आहे. कित्येक सकाळी मी वाचते आणि काहीही होत नाही, ओठ हलतात, डोक्यात डब्याची भाजी. असे दिवस जास्तच म्हणावे लागतील. पण आजीच्या शेवटच्या काळात, जेव्हा तिला माझं नाव आठवत नव्हतं, मम्मीला ती ताई म्हणत होती, तेव्हा कोणी तेविसाव्या स्तोत्राची पहिली ओळ म्हटली की पुढचं सगळं ती म्हणायची, एकही शब्द न चुकता, पदर शोधत. तेव्हा ती मनापासून म्हणत होती का नुसतं घोकलेलं बाहेर येत होतं, हे कोण ठरवणार? माझ्या मते मन गेल्यावरही जे राहिलं होतं, ते तिने इतक्या वर्षांच्या न वाटणाऱ्या सकाळींनी जमवलं होतं. भरून आलेल्या चार सकाळींनी ते झालं नसतं.

माझी मुलगी नववीत आहे. तिला मराठी वाचता येतं पण सावकाश, हिंदी भराभर, त्यामुळे एक दिवस ती हिंदीत वाचते, एक दिवस मी मराठीत. एकशे एकोणिसावं २९ तारखेला येतं, १७६ ओव्या, आणि त्याच दिवशी शाळेची बस नेमकी लवकर येते असं तिचं म्हणणं आहे. म्हणून आम्ही ते तुकड्यांत वाटून टाकलंय, त्याचे बावीस तुकडे आहेतच मुळात, हिब्रू अक्षरांप्रमाणे, तर त्यातला एकच त्या दिवशी घ्यायचा. आता प्रश्न ३१ तारखेचा आहे. तीस दिवसांत दीडशे संपतात, एकतिसाव्याला काहीच नसतं. आजी त्या दिवशी काय वाचायची ते मला आठवत नाही, मम्मीलाही नाही. मुलगी म्हणाली, मग तो दिवस माझा, मी निवडणार. या महिन्यासाठी तिने बायबलमधलं हबक्कूक नावाचं पुस्तक काढलंय, तीनच अध्याय आहेत म्हणून. मी चालेल म्हटलंय, फक्त तिसरा अध्याय तिने मोठ्याने वाचायचा आणि मराठीत, सावकाश का होईना.